सीडीच्या पोटातलं घोरणं

खटपट्यांचं खरं नाव गल्लीत कोणालाच आठवत नसे. चाळीस वर्षं रेडिओ नि टेप उघडण्यात गेलेली, खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर. दोन गोष्टी त्यांनी जन्मात कबूल केल्या नाहीत: एखादं यंत्र आपल्याला जमत नाही ही एक, आणि आपण घोरतो ही दुसरी.

त्या दिवशी दुपारी तीनला नाचाच्या बाई धापा टाकत दुकानात शिरल्या. पाचला मुलींचा कार्यक्रम, आणि गाण्याच्या सीडीवर बाई स्वतःच बसलेल्या. गाणं मोबाईलमध्ये होतं, पण सभागृहातलं म्हातारं यंत्र सीडीशिवाय तोंड उघडत नव्हतं.

"काका, एकोणीस पोरी चार महिने घाम गाळतायत हो!"

"झालंच समजा," खटपटे म्हणाले. आधी शब्द द्यायचा नि मग विचार करायचा, ही त्यांची जुनी खोड.

कोऱ्या सीड्या बाजारातून केव्हाच गेलेल्या. खणात एकच निघाली, पुसून पुन्हा भरता येणारी. त्यांनी ती कॉम्प्युटरमध्ये घालून तिच्यावरची चार जुनी गाणी काढून टाकली. यादी रिकामी झाली. बाईंचं गाणं घालायला गेले, तर जागाच नाही!

सीडी शर्टाला पुसून झाली, फुंकर मारून झाली, कॉम्प्युटर बंद-चालू करून झाला. पावणेचार वाजले.

"रिकामी आहे, तरी पोट भरलंय म्हणते!"

आतल्या खोलीत शेंगा सोलणारी बायको सूप घेऊनच बाहेर आली. "डब्यावरची चिठ्ठी फाडली म्हणून आतली साखर संपते होय? तुम्ही नुसती नावं काढलीत. डबा उपडा करा, सगळी सीडी पुसा."

"मला शिकवतेस?" म्हणत खटपट्यांनी पुसायच्या बटणाकडे घाईघाईने हात नेला. ती घाईच नडली; बायकोला संशय आला.

"थांबा! आधीचं काय आहे ते दाखवा."

पुसण्याआधीची जुनी यादी सीडीच्या पोटात तशीच होती; ती उघडावी लागली. गाण्यांच्या खाली एकच नाव, बायकोनेच दिलेलं: 'यांचं घोरणं'. अख्खा तासभर!

"आठ वर्षांपूर्वी मी पुरावा म्हणून भरलं, तर म्हणालात सीडी खराब निघाली!"

"काढून टाकलं होतं गं मी," खटपटे पुटपुटले.

"मग आता पुसायचं नाही. माझा पुरावा आहे तो."

बाई रडकुंडीला आल्या. "वहिनी, माझ्या पोरी..."

"पोरींसाठी पुसू देईन. पण यांनी तोंडाने कबूल करायचं, तुमच्या साक्षीने."

खटपट्यांनी घड्याळाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. शेवटी स्क्रू ड्रायव्हरकडे बघत म्हणाले, "घोरतो. कधीमधी."

"कधीमधी?"

"रोज!"

सीडी पुसली, भरली. वाजवून बघताना मध्येच आवाज गेला, तसे खटपटे दचकले. "तिथे गाणं थांबतंच काका," बाई हसल्या. "पोरी पुतळ्यासारख्या उभ्या राहतात."

पाचला पडदा वर गेला. तिसऱ्या रांगेत बायकोशेजारी बसलेल्या खटपट्यांचा जीव भांड्यात पडला आणि दिवसभराचा शीण डोळ्यांवर आला. गाणं थांबलं. एकोणीस मुली निश्चल. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी, अशी शांतता.

"घुर्रर्र... घों!"

सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. पुढच्या रांगेतल्या काकू म्हणाल्या, "अहो, उठवा की त्यांना!"

"झोपू द्या," बायको पदर सावरत म्हणाली, "अख्ख्या गल्लीला ऐकू दे."