आलेखावरची लाल फुली

माझी जीभ तिखट, हे बोईसरच्या माझ्या क्लासमधल्या पोरांना पहिल्याच दिवशी कळतं. मी बारावीचं गणित शिकवते. असमानतांचे आलेख आले की एक सोपी युक्ती सांगायचे: चिन्ह 'लहान' असेल तर रेघेची शून्याकडची, म्हणजे आरंभबिंदूकडची, बाजू रंगवा, 'मोठं' असेल तर पलीकडची. गणितातल्या दोन्ही असमानतांचे रंग जिथे एकमेकांवर येतात, ते उत्तर. खरं तर दर वेळी एक्स आणि वाय दोन्हींच्या जागी शून्य घालून पडताळायला हवं, पण वेळ कोणाला आहे? पोरं खूश, मीही खूश.

किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून एक मुलगी यायची. तिची आई बोंबील सुकवून विकायची. चाचणीच्या आधी ती मला म्हणाली होती, "मॅडम, या पेपरात नापास झाली तर आई क्लास बंद करनार हाय."

"मग अभ्यास कर, मला काय सांगतेस!" मी म्हटलं.

पेपरात एक असमानता होती: एक्स वजा वाय हे वजा दोनपेक्षा मोठं किंवा तेवढंच. चिन्ह मोठं, तरी या बाईसाहेबांनी शून्याकडची बाजू रंगवलेली! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. एक बाजू चुकली की सगळं उत्तर चुकलं. लाल फुली मारली, वर्गासमोर कागद नाचवला, "लक्ष मासळीत असलं की असंच होतं," असंही बोलले. ती दोन गुणांनी नापास झाली. आमच्याकडे पेपरावर पालकांची सही लागते. सही केलेला पेपर तिने आणून दिला आणि दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली.

पुढच्या आठवड्यात तेच गणित फळ्यावर सोडवताना मी सहज शून्य घालून पाहिलं. शून्य वजा शून्य, शून्य. आणि शून्य तर वजा दोनपेक्षा मोठंच की! अगं बाई! शून्याकडचीच बाजू बरोबर होती, चुकीची होती ती माझी युक्ती. खडू हातात धरून मी तशीच उभी राहिले. लाज वाटली, आणि पोरीचा क्लास माझ्यामुळे कायमचा सुटला की काय, याची त्याहून जास्त भीती वाटली.

क्लास सोडला, स्कूटी काढली आणि तडक दांडी गाठली. मायलेकी बांबूंवर बोंबील लटकवत होत्या. चूक माझी आहे, पोर पास आहे, तिला पाठवा, असं मी आईला एका दमात सांगून टाकलं.

आईने पदराला हात पुसले. "पोरीचं बरोबर होतं?"

"हो."

ती लेकीकडे वळली. "मंग जा गो उद्यापासून. मॅडम घरापरत आल्यात."

मुलगी जागची हलली नाही. "मी नाय जानार."

"अगं, तुझं बरोबर होतं तर तेव्हाच का नाही बोललीस?" माझा आवाज पुन्हा चढला.

"बोलली होती. शून्य टाकून बगा, बोलली होती. तुमी बोललात, मला शिकवू नको, खाली बस."

मी आठवून पाहिलं. मला त्यातलं काहीच आठवेना.