कागदावर मांडलेला पंप

आर्डिस लिंडग्रेन माझी शेजारीण. वय एक्क्याऐंशी. एकवीस वर्षं आमची परसं लागून आहेत, पण तिच्या दारात मिस्त्रीची गाडी मी कधी पाहिली नाही. नवरा गेल्यापासून गळका नळ, खिडकीच्या फटी, जिन्याची सुटलेली फळी, सगळं तीच बघते. हाताने होतं त्याला पैसे कशाला द्यायचे, असं तिचं म्हणणं.

तिची पद्धत ठरलेली. काहीही उघडलं की जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरायचं आणि निघेल तो भाग त्याच क्रमाने, त्याच तोंडाने त्यावर मांडायचा. नवं बसवताना कागदाकडे बघत मागे मागे यायचं.

एप्रिलात बर्फ वितळलं की आमच्या गावात जमिनीखालचं पाणी वर चढतं. तळघरातल्या खड्ड्यातला पंप ते बाहेर फेकतो, म्हणून घरं कोरडी राहतात. गेल्या वर्षी आर्डिसचं तळघर घोटाभर भरलं. तेव्हा तिच्या मुलाने, वेनने, सांगून टाकलं की पुन्हा असं झालं तर घर विकायचं आणि तिने वृद्धांच्या वसाहतीत जायचं. ती हो म्हणाली होती, आणि ती शब्दाची पक्की.

या शनिवारी सकाळी पंप बंद पडला. दुपारी वेन जेवायला येणार होता. प्लंबरने नऊशे डॉलर सांगितले, तेही सोमवारी येऊन. तिने फोन ठेवला, पंप सोडवला, निघालेले भाग कागदावर मांडले, पंप बादलीत घातला आणि तसलाच आणायला दुकानात गेली. खड्डा भरू नये म्हणून मी बादलीने पाणी उपसत बसले.

उपसता उपसता कागदावरच्या भागांकडे लक्ष गेलं. चिखलाने माखलेले होते. दोन बादल्यांच्या मधे हात मोकळे होते म्हणून मी ते पुसून ठेवले.

ती दोनशेचा पंप आणि पाणी मागे फिरू न देणारा नवा वाल्व घेऊन आली. कागदाकडे बघत तासाभरात सगळं बसवलं. बटण दाबलं. पंप घुमायला लागला, पण पाणी हलेना. तिने नळीवर हात ठेवला, पुन्हा जोड तपासले. खड्डा काठाला टेकत आला होता. मग ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"वेनचं खरं आहे, कुमुद. इतकी वर्षं केलेलं काम मला आज जमेना. डोकं चालत नाही आता."

मी कागदाकडे पाहिलं. जुन्या वाल्ववर पाण्याची दिशा दाखवणारा बाण होता, मघाशी चिखलाखाली दिसत नव्हता. बाणाचं टोक पंपाकडे. पाणी जाणार वर, आणि बाण खाली. पुसल्यावर मीच तो उलटा ठेवला होता, आणि तिने कागदावर विश्वास ठेवून नवा तसाच बसवला होता. क्षणभर वाटलं, नुसतं सांगावं की बाण बघ, बाकी बोलू नये. पण ती स्वतःला निकामी समजून बसली होती. ते ओझं तिच्यावर टाकून मी संध्याकाळी देवापुढे दिवा कोणत्या तोंडाने लावणार होते?

सांगितलं.

ती पायरीवरून उठली. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे."

"तुझं ठीक आहे. माझे हात शिवशिवले."

"तुला कुणी सांगितलं होतं पुसायला? माझ्या घरी येऊन तू कपबशासुद्धा पुन्हा विसळतेस." पण बोलता बोलता तिने पंपाचं बटण बंद केलं होतं आणि वाल्वचे पट्टे सैल करायला घेतले होते. वाल्व फिरवून बसवला, बटण दाबलं. नळीत पाणी चढल्याचा आवाज आला आणि खड्डा खाली जाऊ लागला. तिने डोळे मिटून पुटपुटत आभार मानले. मीही माझ्या देवाला हात जोडले.

वेन आला तो आधी तळघरात उतरला. ओली फरशी पाहून विचारलं, काय झालं.

"वाल्व उलटा बसला होता," आर्डिस म्हणाली. "मग सुलटा केला." माझं नाव तिने घेतलं नाही.

त्याने बादलीभर पाणी खड्ड्यात ओतलं, पंपाने ते बाहेर टाकलेलं पाहिलं. वर येऊन दोनदा वाढून घेतलं. घर विकण्याचा विषय निघाला नाही. जाताना दारात टोपी घालत म्हणाला, "आई, आमचा स्वयंपाकघरातला नळ महिनाभर गळतोय. कधी येतेस?"

"गुरुवारी. तोवर सोडवू नकोस," ती म्हणाली. "आणि सोडवलासच, तर कागदावर मांड. कुणाला पुसू देऊ नकोस."