पिंजण निघाली अल्बमला

पिंजण एसटीत आडवी मावत नाही आणि उभी केली तर छताला लागते, हे मला एरंडोलच्या स्टँडवर कळलं. कंडक्टर दारात हात लावून उभा राहिला. म्हणाला, "चाचा, कमान दिसतेय, तीर कुठाय?"

मी म्हणालो, "तीर धुळ्याला आहे. आधी कमान पोचू द्या."

तो हसला आणि मला मागच्या लांब सीटवर बसवलं. पिंजण तिरपी, एक टोक माझ्या पायाशी, दुसरं एका मास्तरांच्या डोक्यावर. गाडीला गचका बसला की कुणाचा तरी खांदा तिच्या तारेला लागायचा आणि गाडीभर टण्ण व्हायचं. पारोळ्यापर्यंत लोक दचकत होते. पारोळ्याच्या पुढे मुद्दाम खांदा लावायला लागले.

ज्यांनी पिंजण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणसापेक्षा उंच लाकडी कमान असते. तिला जनावराच्या आतड्याची तार ओढलेली, ती तात. कापसाच्या ढिगात तात धरायची आणि दस्त्याने (लाकडी ठोकळ्याने) ठोकायची, की गाठी सुटून कापूस मोकळा होतो. मग त्याच्या गाद्या. मी दुसरीत शाळा सोडली ती या कामासाठी, आणि त्याचा मला कधी पस्तावा झाला नाही. आता मुलाने विजेचं मशीन घेतलंय. ते दिवसाला दहा गाद्यांचा कापूस काढतं आणि गिरणीसारखं ओरडतं. तात बनवणारा माणूस कधीच गेला. माझ्या पिंजणीवर होती तीच शेवटची.

मला बोलावलं होतं देवपूरच्या रेणूने. ही पोरगी गिटार वाजवते, गाते आणि तिचा एक रॉक बँड आहे, नाव 'कळणा'. आईबरोबर पद्मालयाच्या गणपतीला आली होती. परत जाताना आमच्या गल्लीत शिरली तेव्हा मी एका म्हातारीच्या हट्टापायी हाताने कापूस पिंजत होतो. पोरगी दारात अर्धा तास उभी राहिली. मग म्हणाली, "चाचा, हा आवाज आमच्या दुसऱ्या अल्बममध्ये पाहिजे."

पहिला अल्बम त्यांनी काढला तेव्हा लोक म्हणाले होते, छान आहे, तुम्ही पुण्याचे का? त्या "पुण्याचे का"चा पोरीला फार राग.

धुळ्यात पांझरेचा पूल ओलांडला की देवपूर. रेणूच्या घराची गच्चीवरची खोली म्हणजे त्यांचा स्टुडिओ. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून चारी भिंतींना गाद्या टांगलेल्या. मी आधी गाद्यांत बोट खुपसलं.

"हा गिरणीचा कचरा आहे," मी म्हणालो. "यात कापूस औषधालाही नाही."

"चाचा, त्या झोपायच्या नाहीत," ड्रमवाला सिद्धार्थ म्हणाला. हा दिवसा औषधाच्या दुकानात काम करतो आणि संध्याकाळी ढोलांच्या ढिगाऱ्यात बसतो.

"म्हणून काय काहीही भरायचं?"

तिसरा अमोल, लॅपटॉपवाला. त्याने माझ्या पुढ्यात माईक ठेवला आणि म्हणाला, "चाचा, एकच फटका द्या. चांगला घुमवून. बाकी हजार वेळा कॉम्प्युटर वाजवेल."

मी दस्ता खाली ठेवला. एका फटक्यासाठी मी एवढी कमान मास्तरांच्या डोक्यावरून आणली नव्हती. त्यांना म्हणालो, "पहिला फटका आणि शंभरावा फटका सारखा नसतो. मला आवाज द्यायचा नाही, काम द्यायचंय. एका गादीचा कापूस, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. घ्यायचं तर तेवढं घ्या, नाहीतर मी पाचची गाडी पकडतो."

"कापूस? इथे?" अमोलने मशीनवरून हात फिरवला, जसा कुणी तान्ह्या लेकराच्या डोक्यावरून फिरवतो.

"कापसाशिवाय पिंजण वाजवणं म्हणजे दाण्याशिवाय जातं ओढणं."

तिघं गच्चीत जाऊन भांडले. मला सगळं ऐकू येत होतं. अमोल म्हणत होता, म्हातारा हट्टी आहे. रेणू म्हणाली, "म्हणूनच आणलाय." तेवढ्यात रेणूच्या आईने खालून हाक मारली आणि भांडण जेवणावर थांबलं. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची), भरीत आणि शेवभाजी. शेवभाजीला असा झणका होता की अमोलच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्या पाण्यातच तो म्हणाला, "ठीक आहे, आणा कापूस."

सिद्धार्थ मोटारसायकलवर जाऊन पोतं घेऊन आला. अमोलने लॅपटॉपला बेडशीट पांघरलं, स्वतःच्या तोंडाला रुमाल बांधला. माझ्या कानावर हेडफोन चढवले. त्यात कुणीतरी टिक-टिक करत होतं.

"हे काय?"

"ताल. त्याच्या बरोबर ठोकायचं."

"याने कधी गादी भरलीय का?" मी हेडफोन काढून ठेवले. "कापूस सांगेल तसं मी ठोकणार. तुमच्या ढोलवाल्याला सांगा माझ्या मागे यायला."

आणि सुरू केलं. सुरुवातीला सिद्धार्थ चुकला, मी हळू झालो की तो पुढे पळायचा. मग त्याने माझ्या हाताकडे बघणं सोडून माझ्या खांद्याकडे बघितलं आणि पोरगं बसलं बरोबर मागे. रेणूने गिटार ओढली. कापूस उडायला लागला. आधी माझ्या दाढीत, ती पांढरीच होती, कळलं नाही. मग सिद्धार्थच्या केसांत, भुवयांत, मिशीवर. तिशीतला पोरगा माझ्या वयाचा दिसायला लागला. रेणू गात होती, "बठ्ठा कापूस वारावर, मन्हं मन बी वारावर" (सगळा कापूस वाऱ्यावर, माझं मनही वाऱ्यावर), आणि 'वारावर' म्हणताना तिच्या तोंडात कापूस गेला. ती खोकली, हसली, आणि गातच राहिली. बेडशीटखालून अमोल शिंकला. तीन वेळा. कुणी थांबलं नाही. मी तर थांबणारच नव्हतो, कापूस मोकळा व्हायचा होता.

संपलं तेव्हा खोलीत बर्फ पडल्यासारखं झालं होतं. अमोलने बेडशीट बाजूला करून ऐकवलं. आम्ही चौघं एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसलो. शिंका तशाच ठेवायच्या ठरलं. पिंजलेला कापूस वाया घालवणं मला जमत नाही, म्हणून मी तिथेच सिद्धार्थच्या स्टुलासाठी एक उशी शिवून दिली. तो बसला आणि म्हणाला, "चाचा, यावर बसलं की ताल चुकणारच नाही." मी म्हणालो, "चुकलास तर परत नेईन."

पुढे अल्बम निघाला. निघाला म्हणजे मोबाइलवर आला. मला वाटलं होतं कॅसेटसारखा डबीत येईल. पण जळगावला एका कॉलेजच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला आणि मला पिंजण घेऊन बोलावलं. या वेळी मी मुलाच्या टेम्पोतून गेलो, थाटात. हॉल भरलेला. पोरापोरींनी पाय आपटायला सुरुवात केली तेव्हा मला वाटलं छत खाली येतंय.

आमचं गाणं लागलं. कापूस पुढ्यात, दस्ता हातात. हॉल माझ्या हातावर टाळ्या वाजवत होता, आणि खरं सांगतो, मला चढली. मी जरा जास्तच जोरात ठोकलं. अर्ध्या गाण्यात तात तुटली.

माईकमधून असा आवाज झाला की पहिल्या रांगेने कान झाकले. मग सगळा हॉल उभा राहून ओरडायला लागला. त्यांना वाटलं, हे ठरवलेलंच होतं. वन्स मोअर, वन्स मोअर. रेणूचं तोंड पांढरं पडलं, तिला माहीत होतं दुसरी तात नाही. तिने माझ्यासमोर माईक धरला.

मी म्हणालो, "बाबांनो, ही एकदाच तुटते."

हॉल आणखी ओरडला. मला रडू यायला हवं होतं. पण एवढी पोरं माझ्या तुटलेल्या तातेवर नाचतायत हे बघून मला हसूच आवरेना. सिद्धार्थने तिथून गाणं उचललं आणि मी उरलेला वेळ नुसता कापूस हवेत उडवला.

रात्री जळगावला मेहुण्याकडे राहिलो. मुलगा पिंजण टेम्पोत घालून आधीच गेला होता, सकाळी मी एसटीने निघालो. बाजूला एक म्हातारी बसली, डोक्यावर पदर, हातांना कापूस वेचणाऱ्या बाईचे चरे. पोरांनी माझ्या साध्या फोनमध्ये गाणं भरून दिलं होतं. तात गेली, तर आपलं काम त्यात खरंच राहिलंय की नुसती टणटण, हे एकदा निवांत ऐकावं म्हणून मी फोन कानाला लावला. गाडीच्या आवाजात काही उमजेना.

"भाऊ, हाई काय शे?" (हे काय आहे?) म्हातारीने विचारलं.

मी फोन तिच्या कानाला लावून दिला. गिटार आली तसं तिने तोंड वाकडं केलं. मग डोळे मिटले. पाळधी मागे पडली. मी तिच्या तोंडाकडे असा बघत होतो, जसा निकालाकडे बघतात.

तिने डोळे उघडले आणि हवेत बोटं चोळून बघितली.

"आते मोकळा व्हयना कापूस," ती म्हणाली. आता झाला मोकळा.

मी फोन परत घेतला, गाणं जरा मागे नेलं आणि दुसऱ्या कानात बोट घालून ऐकलं. बरोबर, त्याच जागी झाला होता.