उडवीच्या मागून

पेंढ्याची ती आग आजही आठवते. नोकरीत मी याहून मोठ्या आगी पाहिल्या, पण त्यांच्या फायलींमधलं आता काही डोक्यात नाही. या एका प्रकरणातले तीन जबाब मात्र जवळजवळ तोंडपाठ आहेत.

तेव्हा मी खालापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. होळी होऊन गेली होती. दुपारच्या वेळी ठाण्यात फोन आला. ठाणे अंमलदाराने तो घेतला आणि सवयीप्रमाणे शब्दाला शब्द टिपून ठेवला. फोन करणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "विहिरीजवळच्या पोरीनं उडवी पेटवली, लवकर या," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. गाव चौकपासून आत, डोंगराच्या पायथ्याला. उडवी म्हणजे भात झोडून झाल्यावर उरलेल्या पेंढ्याची रचलेली गोल गंजी. पावसाळ्यात गुरं त्यावरच जगतात.

टिपण वाचताना मी थबकलो. ज्याच्या डोळ्यांसमोर आग लागते तो आधी आग सांगतो, ती कुणी लावली ते नंतर. या माणसाने आधी पोरगी सांगितली होती.

उडवी एका विधवा बाईची होती. दोन म्हशी, दुधाचा रतीब, दुसरं काही नाही. आमचे लोक पोचले तेव्हा राखेचा ढीग उरला होता. बाई ठाण्यात आली, रडली नाही, समोरच्या बाकावर बसून म्हणाली, "सायेब, पावसात म्हशींना काय घालू, तेवढं सांगा." तिने लेखी तक्रार दिली आणि शेजारच्या मुलीचं नाव घेतलं. कारणही होतं. आठवड्यापूर्वी मुलीच्या शेळ्या त्या पेंढ्यात शिरल्या, बाईने तिला गावभर ऐकू जाईल असं सुनावलं आणि मुलीने तेवढ्याच मोठ्याने उत्तर दिलं, "पेटव एकदाची ती उडवी."

ही मुलगी नुकतीच पोलीस भरतीत निवडली गेली होती. पहाटे उठून जुन्या हायवेच्या कडेने धावणारी आणि दिवसा शेळ्या राखणारी मुलगी. फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती आणि तिचा कागद योगायोगाने माझ्याच टेबलावर पडला होता. तिच्यावर जाळपोळीचा गुन्हा दाखल झाला की त्या कागदावर तसं लिहावं लागणार आणि तिची नोकरी जाणार, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

मी लगेच गुन्हा नोंदवला नाही, बाईचा अर्ज चौकशीवर ठेवला. हवालदाराने तीन साक्षीदारांचे जबाब आणले. पहिला बाईचा सख्खा दीर, तो म्हणे देवळाच्या कट्ट्यावर होता. दुसरा मोहोपाड्याच्या कंपन्यांत माल पोचवणारा टेंपोवाला, तो रस्त्यावर. तिसरा एक म्हातारा, आपल्या अंगणात. हवालदार खुशीत होता. "सर, तिघांचं तंतोतंत जुळतंय. दाखल करून टाकू."

आमच्या खात्यात जबाब वाचण्याची एक पद्धत आहे. वर नाव बघायचं, खाली सही बघायची आणि मधलं सगळं बरोबर असणार असं धरून चालायचं. मला ती कधी जमली नाही. मी जबाब वाचतो तेव्हा सांगणाऱ्याच्या जागी उभा राहतो. त्याला तिथून काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे मनात मांडून बघतो. याला फार हुशारी लागत नाही, थोडा निवांतपणा लागतो.

तिन्ही जबाबांत एक वाक्य होतं. मुलगी हातात गोणपाट घेऊन उडवीच्या मागून पुढे आली आणि परत मागे पळाली.

मी हवालदाराला विचारलं, "उडवीचं मागचं अंग कुठलं हो?"

उडवीला काही दार नसतं. ती सगळीकडून सारखीच गोल. तिचं मागचं अंग म्हणजे बघणाऱ्याला न दिसणारं अंग. म्हणजे तिघं तीन ठिकाणी उभे असतील तर ते प्रत्येकाचं वेगळं असायला हवं. इथे मुलगी तिघांनाही मागूनच येताना दिसली होती. मला वाटलं, पाहिलं एकानेच आहे, बाकीच्यांनी ऐकलंय. गावात ऐकलेलं पाहिलेलं व्हायला एक कप चहा पुरतो, हा माझा अनुभव आहे. त्यात लबाडी असतेच असं नाही. माणसाला खरंच आपण पाहिलं असं वाटू लागतं.

मुलीचा जबाबही फायलीत होता, सगळ्यांच्या खाली. तिने सांगितलं होतं, "मी विहिरीवर होते. जाळ बगितला, गोणपाट भिजवून धावले. आग आटपंना म्हणून माणसं बोलवायला पळाले." तो कुणी धड वाचलाच नव्हता, कारण ती आरोपी होणार हे आधीच ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गावात गेलो. विहीर, कट्टा, रस्ता, म्हाताऱ्याचं अंगण, सगळं राखेच्या एकाच बाजूला, गावाकडे. म्हणजे तिघांचं मागचं अंग एकच असू शकत होतं, तेव्हा मुलगी त्यांना खरंच मागून येताना दिसली असती का, ते बघायचं ठरवलं. मी एका महिला शिपायाला गोणपाट दिलं, विहिरीपासून राखेच्या पलीकडे जायला आणि परत यायला सांगितलं आणि दिराला घेऊन कट्ट्यावर उभा राहिलो. राखेच्या जागी माणसापेक्षा उंच उडवी आहे असं समजायचं, हे त्याला आधी नीट सांगितलं.

"आता सांगा, पोरगी कुठे गेली?"

"उडवीच्या मागं."

"आणि पळाली कुठे?"

"म्होरं... इकडं, विहिरीकडं."

"जबाबात तर उलटं आहे."

मी त्याला राखेच्या दुसऱ्या बाजूला, भाताच्या खाचरात नेलं. पायाखाली काळं लागलं. आमच्याकडे भाताची रोपं टाकण्याआधी त्या जागेवर शेण, पाला आणि गवत पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. वारा पडलेला असताना तो पेटवायचा आणि विझेपर्यंत जागेवरून हलायचं नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. खाचर दिराचं होतं. शिपाई परत एकदा विहिरीकडून आली. इथून ती बरोबर उडवीच्या मागून पुढे आली आणि मागे गेली.

मी अगदी साध्या आवाजात विचारलं, "गोणपाट कोरडं होतं की ओलं?"

"वलं. पानी गळत व्हतं."

बोलून गेल्यावर त्याला कळलं. कट्ट्यावरून गळतं पाणी कुणाला दिसत नाही आणि आग लावायला ओलं गोणपाट कुणी आणत नाही. तो खाचराच्या बांधावर बसला.

"कर्जतला हळदीला जायाचं व्हतं, सायेब. सांजपर्यंत थांबलो नाय, भरदुपारी राब पेटवला. वाऱ्यानं ठिणगी गेली. भाऊ गेल्यापासनं वैनीचं मीच बगतो. तिचा पेंढा मीच जाळला, ह्ये कुटल्या तोंडानं सांगू? पोरगी पळताना दिसली, म्हून फोन केला."

मला त्याचा राग आला होता आणि तो मी लपवला नाही. वहिनीसमोर मान खाली जाऊ नये म्हणून हा गडी एका पोरीचं आयुष्य राबात घालायला निघाला होता. तरी तो सराईत नव्हता, घाबरलेला होता. ठाण्यात वहिनीसमोर त्याने सगळं सांगितलं. बाईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुझी उडवी उद्या माज्या दारात आणून रच," एवढंच म्हणाली. त्याने ती रचली. आगीची नोंद आकस्मिक जळीत म्हणून झाली. टेंपोवाला आणि म्हातारा दोघांनी, आपण ते दिराकडून ऐकलं होतं असं सांगून, जबाब फिरवले. खोटी खबर दिल्याबद्दल दिराची डायरीत नोंद करून मी त्याला सज्जड समज दिली.

लोक मला विचारतात, तपासात महत्त्वाचं काय? मी म्हणतो, वाचन. कागदावर जे लिहिलेलं असतं ते कुणीतरी कुठूनतरी बघितलेलं असतं. ती जागा सापडली की न लिहिलेलंही वाचता येतं. आणि तीन कागद फारच जुळायला लागले की आनंदायचं नाही, खुर्ची सोडून जागेवर जायचं.

शेवटी मुलीला सुधारित जबाबावर सहीसाठी बोलावलं. हवालदाराने तो लिहून तयार ठेवला होता. काय घडलं ते तिला कळलं होतं, पण ते मी कशावरून ओळखलं, हे कुणी सांगितलं नव्हतं. बहुतेक माणसं पेन घेतात आणि विचारतात, सही कुठे करू? तिने कागद उचलला, खिडकीपाशी नेला आणि उभ्या उभ्या पहिल्या ओळीपासून वाचत गेली. अर्ध्यावर थांबली.

"सायेब, हितं लिवलंय, मी उडवीच्या मागून आले."

"मग?"

"कुणाच्या मागून? मी तर विहिरीकडनं आले. तसं लिवायला सांगा, मग सही करते."

हवालदाराने माझ्याकडे बघितलं. मी त्याला नवीन कागद घ्यायला सांगितलं आणि पडताळणीचा अहवाल पुढे ओढून त्यावर सही केली.