देवाचं वस्त्र विणण्याचा मान

आम्हा विणकरांचा देव मार्कंडेय. सोलापुरात आमच्या पेठेतच त्याचं देऊळ होतं. गाभाऱ्यात पिंडीला मिठी मारून बसलेला पोरगा आणि मागं फास उगारलेला यम. फास पडला तरी पोरानं पिंडी सोडली नाही, तेव्हा महादेवाला धावून यावंच लागलं. हा देव मरणाला हरवतो, असं सगळे म्हणत. माझी अम्मा म्हणे, "मरणाचं मला काय कळतंय? धरलेलं सोडू नये, एवढंच तो सांगतो." मला अजून तिचाच अर्थ पटतो. भिंतीवर मार्कंडेयाच्या मुलाचं चित्र होतं. देवांसाठी पहिलं कापड विणणारा ऋषी तो. तो मागावर बसलेला आणि शेजारी त्याची बायको भद्रावती त्याच्यासाठी सुताच्या कांड्या भरतेय. देवाधर्मातसुद्धा बाईला काम सुटलेलं नाही, असं मी म्हटलं की अम्मा डोळे वटारी.

नारळी पौर्णिमेला देवाची मिरवणूक निघे. पुढं बैलगाडीवर छोटा माग मांडलेला असे आणि गाडी चालत असतानाच त्यावर देवाचं वस्त्र विणलं जाई. मिरवणूक देवळाशी परत येईपर्यंत ते पुरं व्हायलाच हवं. नाहीतर मान दुसऱ्या घराकडे जाई आणि बोलणाऱ्यांची तोंडं वर्षभर बंद होत नसत. त्या वर्षी मान आमच्या नायनांना, म्हणजे वडिलांना मिळाला. तरुणपणापासून ते याची वाट बघत होते. मी सासरहून मुद्दाम आले होते.

अर्ध्या वाटेत त्यांना खोकल्याची उबळ आली. गिरणीतल्या कापसानं छाती आधीच पोखरलेली. आडवा धागा नेणारा धोटा हातातून खाली पडला. पुन्हा बसले, पुन्हा खोकले. गाडी थांबली. समाजाचे पंच पुढं आले आणि दुसऱ्या घरच्या माणसाला हाक मारू लागले. नायनांचा चेहरा माझ्यानं बघवेना.

"थांबा," ते म्हणाले. "ही बसेल." त्यांनी अम्माकडं बोट केलं. ते गिरणीत असताना घरचा माग तीच चालवायची, हे पेठेत कुणाला ठाऊक नव्हतं?

आम्ही मूळचे तेलंगणातले, आमची बोलणी तेलुगूत चालायची, मी आपल्या मराठीत सांगते. पंच म्हणाले, "बाई देवाच्या मागावर? अहो, भद्रावतीसुद्धा कांड्याच भरत होती!"

"ऋषीला खोकला नव्हता," नायना म्हणाले.

गर्दीत हशा पिकला. बोलणं कळत नसलं तरी काय चाललंय ते आमच्या शेजारच्या मराठी बाईनं बरोबर ओळखलं. ती ओरडली, "बसू द्या की तिला! आमच्या घरातली समदी लुगडी तिनंच इनल्यात. लई झ्याक हात हाय तिचा!" पंचांनी इकडंतिकडं बघितलं आणि बाजूला झाले.

अम्मानं पदर खोचला आणि ती गाडीवर चढली. रस्त्यातल्या दगडांवर गाडी हिसके खायची, धागा तुटायचा. ती वाकून तो जोडायची आणि पुन्हा धोटा फेकायची. एकदाही मान वर केली नाही. बघता बघता बाया गाडीभोवती दाटल्या. मी तर ताठ मानेनं चालत होते, जणू गाडी मीच ओढतेय! देऊळ समोर दिसू लागलं आणि तिनं शेवटचा धागा ठोकून बसवला. वस्त्र पुरं झालं होतं.

वस्त्र देवाला नेसवण्याआधी विणणाऱ्याचं नाव देवापुढं घ्यायची रीत होती. पुजाऱ्यानं सवयीनं नायनांचं नाव सुरू केलं. नायनांनी हात वर करून त्याला थांबवलं. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नसे. घरात ती नुसती 'अगं' होती, नाहीतर 'पोरीची आई'. मी लग्न होऊन गेले, तरी वडिलांच्या तोंडून तिचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं.

भरल्या देवळात त्यांनी ते मोठ्यानं घेतलं.