परिचय पुस्तिकेतला मोबाइल नंबर

“नोटीस पाठवायची की थेट सायबर पोलीस, तेवढं सांगा मॅडम,” हर्षदा म्हणाली. टेबलावर तिचा फोन वाजत होता. अनोळखी नंबर. मी उचलला, तर पलीकडून एक बाप्या विचारतोय, “जेवण झालं का?”

हर्षदाचं मेहरूणला ब्युटी पार्लर आहे. समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेसाठी वडिलांनी तिचा बायोडाटा दिला होता, फोटो आणि मोबाइल नंबरासकट. पुस्तिका काढणाऱ्या नानांनी अख्ख्या पुस्तिकेची पीडीएफ दिसेल त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. तेव्हापासून हे फोन. वडील म्हणत होते, सिम फेकून दे. पण गिऱ्हाइकांकडे तोच नंबर. तो गेला की पार्लर बसलं.

मी जळगावात सायबर कायद्याची वकिली करते. नोटीस लगेच टाइप केली असती, पण नाना आमच्याच एरंडोलचे. निम्म्या गावाची लग्नं त्यांनी फुकटात जमवलेली, माझंसुद्धा. म्हटलं, आधी बोलावून बघू.

नाना आले ते भरताची वांगी घेऊनच.

“नाना, माहिती ज्या कामासाठी दिली, त्याच कामाला वापरायची. आणि मुलगी सज्ञान आहे. परवानगी तिची लागते, वडिलांची नाही. नवा डेटा कायदा हेच म्हणतो.”

“ताई, हाई समाजसेवा शे! मी पोरीस्नं भलंच करस ना? यामा गुन्हा कसाना?” त्यांचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं.

हर्षदा मात्र विरघळली नाही. “नाना, तुमच्या नातीचा बायोडाटाही आहे ना त्यात? तिला नाही येत असे फोन?”

“तिले कसा येतीन? तठे मी माना नंबर देयेल शे. रिकामा पोरे फोन करतस ना!”

नातीपुढे आपण स्वतःचा नंबर दिला, हे बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच उमगलं. मग हर्षदाकडे न बघता म्हणाले, “चुकनू माय.”

नोटिशीची गरजच पडली नाही. नानांनी एकेका ग्रुपवाल्याला फोन करून पीडीएफ काढायला लावली. फॉरवर्ड झालेली काही परत येत नाही, म्हणून तरीही चिवटपणे फोन करणाऱ्या दोघांची पोलिसांत तक्रार दिली. फोन थांबले. पार्लर चालू आहे, नंबर तोच आहे. आणि नव्या पुस्तिकेत बठ्ठ्या, म्हणजे झाडून सगळ्या पोरींपुढे नानांचा नंबर आहे.

तेव्हापासून लोकांची माहिती छापणाऱ्या क्लायंटना मी आधी कलमं सांगत नाही. विचारते, “इथे तुमच्या घरच्या मुलीचा नंबर टाकाल?” उत्तराला वेळ लागला, की म्हणते, “मग कोणाचाच नका टाकू.”