अठरा नंबरचा नमुना

“अठरा नंबरची विहीर बंद. नोटीस टाइपिंगला द्या,” साहेब म्हणाले.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नाशिकच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत मी ज्युनिअर केमिस्ट होते. अठरा नंबर म्हणजे हरसूलकडच्या एका पाड्याची विहीर. रिपोर्टमध्ये नायट्रेट मर्यादेच्या दुप्पट होतं. असं पाणी तान्ह्या मुलांच्या जिवावर बेतू शकतं.

नमुना घेऊन आलेले काशिनाथबाबा बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांना सांगितलं.

“बाई, आमाला हीर येकच हाय,” ते म्हणाले. “दुसरी पार डोंगराखाली. बाया पाणी वर कशा आणतील?”

मी आत जाऊन ग्राफचा कागद पुन्हा पसरला.

आमचं मशीन नवं होतं, परदेशी. बारीक नळीतून नमुन्याचं पाणी वाहायचं आणि वाहता वाहताच दुसऱ्या नळीतून रिएजंट, म्हणजे रंग आणणारं रसायन, त्यात मिसळायचं. नायट्रेट जास्त तसा गुलाबी रंग गडद, आणि कागदावर पेन तितकं उंच चढणार. सगळे नमुने एकामागोमाग एकाच नळीतून जात. ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये हवेचे बुडबुडे सोडलेले असत.

सतरा नंबर सिन्नरच्या एका कारखान्याचं सांडपाणी होतं. तिथे पेन पार वर गेलं होतं. पण नंतर ते तळाला आलंच नव्हतं. अर्ध्या उतारावरच अठरा सुरू झाला होता.

“सर, सतराचं पाणी अठरात आलंय.”

“मशीन इंपोर्टेड आहे, बाई. ते चुकत नाही, आपण चुकतो.”

“एकदा बुडबुडे तरी बघा.”

साहेब नाराजीनेच उठले. काचेच्या वेटोळ्यात बुडबुडे सारख्या अंतरावर दिसायला हवेत. इथे दोन चिकटून, मग वीतभर नुसतं पाणी! हवा ढकलणाऱ्या पंपाच्या रोलरखाली हवेची नळी चेपून गेली होती. स्पेअर नव्हती. त्याच मशीनची फॉस्फेट मोजणारी लाइन तेव्हा बंद असायची. तिची नळी काढून मी इथे बसवली. साहेब शेजारी उभे राहून बघत होते.

मग अठरा नंबर तीनदा चालवला, दर वेळी आधी डिस्टिल्ड वॉटर सोडून. तिन्ही वेळा पेन जेमतेम बोटभर वर गेलं.

“आता हाताने करा,” साहेब म्हणाले.

टेस्ट ट्यूबमध्ये केलं. रंग आला तो अगदी फिका. विहीर चांगली होती.

साहेबांनी रिपोर्ट स्वतःच फाडला. “आजचे सगळे नमुने पुन्हा लावा,” म्हणाले. त्यांच्याकडून ही शाबासकीच होती.

बाहेर काशिनाथबाबांनी दोनदा विचारलं, “मंग पोरांना पाजू ना?”

“बिनधास्त पाजा, बाबा.”

त्या संध्याकाळी गंगापूर रोडवरून सायकलने घरी जाताना वाटत होतं, दिसेल त्याला थांबवून हे सांगावं.

पुढे हाताखाली बरेच ज्युनिअर आले. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगायची, आकडा विचित्र वाटला तर आदल्या नमुन्यात काय होतं ते आधी बघा. नोटीस काय, नंतरही दहा मिनिटांत टाइप होते.